विम्बल्डनची राणी, रिकामं पासबुक

खेळाडूंचे करार आणि त्यांचे पैशांचे व्यवहार शिकवताना मी अल्थिया गिब्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन टेनिसपटूचं प्रकरण पहिल्याच आठवड्यात घेतो. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, सलग दोनदा विम्बल्डन जिंकल्यावर, एकतिसाव्या वर्षी कोणी टेनिस सोडतं का?" त्यांच्या डोळ्यांसमोर आजचं टेनिस असतं, कोट्यवधींच्या बक्षिसांचं. अल्थिया गिब्सनने १९५८ मध्ये विम्बल्डन जिंकलं तेव्हा बक्षिसाची रक्कम होती शून्य. तिने टेनिस का सोडलं, त्याऐवजी काय धरलं आणि नेमकं कुठे चुकलं, याचा हा हिशेब.

पार्श्वभूमी

अल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ चा, दक्षिण कॅरोलायनातल्या सिल्व्हर नावाच्या छोट्याशा वस्तीतला. आईवडील बटईने कापूस पिकवायचे. शेतीत भागेना, तेव्हा बिऱ्हाड न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आलं. तिथल्या १४३व्या रस्त्यावर पोलिसांची क्रीडा संघटना वाहनं बंद करून मुलांना खेळायला जागा करून द्यायची. डांबरावर आखलेल्या पट्ट्यांत ती लाकडी फळीने पॅडल टेनिस खेळायला लागली आणि १९३९ मध्ये, बाराव्या वर्षी, शहराची विजेती झाली. शाळेला मात्र दांड्याच दांड्या. शेजारपाजारच्यांनी वर्गणी काढून तिला कृष्णवर्णीयांच्या कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबात घातलं. तिथे फ्रेड जॉन्सन नावाच्या एका हाताच्या प्रशिक्षकाने तिला टेनिसचे धडे दिले.

गोऱ्यांच्या लॉन टेनिस संघटनेच्या स्पर्धांची दारं बंद होती, म्हणून कृष्णवर्णीयांनी स्वतःची अमेरिकन टेनिस असोसिएशन चालवली होती. तिच्या १९४६ च्या महिला स्पर्धेत अल्थिया अंतिम सामना हरली, आणि त्या हरण्यातूनच पुढचा रस्ता निघाला. प्रेक्षकांत दोन डॉक्टर होते, विल्मिंग्टनचे ह्युबर्ट ईटन आणि लिंचबर्गचे रॉबर्ट जॉन्सन. त्यांनी पुढे केलेला प्रस्ताव साधा होता. शाळेचे महिने ईटन यांच्या घरी राहायचं, अर्धवट सोडलेलं शिक्षण पुरं करायचं, त्यांच्या अंगणातल्या कोर्टवर सराव करायचा. उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याबरोबर गाडीतून स्पर्धा फिरायच्या. एकोणिसाव्या वर्षी पुन्हा शाळेच्या बाकावर बसायची तिला लाज वाटत होती, पण ती गेली. १९४९ मध्ये शाळा झाली, १९५३ मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाची पदवी मिळाली. दरम्यान १९४७ पासून सलग दहा वर्षं तिने असोसिएशनचं विजेतेपद कोणाला घेऊ दिलं नाही. या प्रकरणातला हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचा. नंतर जेव्हा जेव्हा खेळाने दगा दिला, तेव्हा या पदवीनेच तिला उभं केलं.

१९५० मध्ये माजी विजेती अॅलिस मार्बल हिने एका टेनिस मासिकात गोऱ्या संघटनेची चांगलीच हजेरी घेतली आणि अल्थियाला फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. दुसऱ्या फेरीत समोर लुईस ब्रो, त्या वर्षीची विम्बल्डन विजेती. पहिला सेट ब्रोचा, दुसरा अल्थियाचा, तिसऱ्यात अल्थिया ७–६ ने पुढे. एवढ्यात आभाळ फाटलं. वीज पडून स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड खाली कोसळला आणि खेळ थांबला. एक गेम हातात होता. रात्रभर ती त्याच विचारात राहिली असणार. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटांत तीन गेम गमावून ती ९–७ ने हरली.

पुढची पाच वर्षं तशी कोरडीच गेली. ती मिसूरीतल्या लिंकन विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवत होती. टेनिस सोडून महिलांच्या सैन्यदलात जावं, इथवर विचार आला होता. तेवढ्यात १९५५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सदिच्छा दौऱ्यासाठी तिची निवड केली. ब्रह्मदेश, सिलोन, भारत, पाकिस्तान, थायलंड. आपल्याकडच्या याच मुक्कामात तिची इंग्लंडच्या अँजेला बक्स्टनशी ओळख झाली. एक कृष्णवर्णीय, एक ज्यू. दोघींनाही आपापल्या देशातल्या क्लबांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेलं. ही मैत्री चाळीस वर्षांनी कशी कामाला आली, ते पुढे येईल.

दौऱ्यावरून परतलेली अल्थिया वेगळीच होती. १९५६ मध्ये पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेत एकेरी आणि बक्स्टनबरोबर दुहेरी जिंकली. तीच जोडी विम्बल्डनलाही जिंकली. १९५७ मध्ये रणरणत्या उन्हात डार्लीन हार्डला ६–३, ६–२ असं हरवून तिने विम्बल्डनची एकेरी घेतली, विजेतीचं तबक खुद्द राणी एलिझाबेथच्या हातून. ११ जुलैला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर कागदाच्या पट्ट्यांच्या पावसात तिची मिरवणूक निघाली. जेसी ओवेन्सनंतर असा मान मिळालेली ती दुसरी कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याच महिन्यात शिकागोजवळ स्पर्धेसाठी गेली, तर हॉटेलांनी खोली दिली नाही. त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा तिचीच, १९५८ चं विम्बल्डनही तिचंच.

अडचण

टेनिस तेव्हा 'हौशी' होतं. हौशी खेळाडूने प्रवासखर्च आणि भत्ता घ्यायचा, बक्षीस नाही. पुरुषांतल्या मोठ्या नावांना खर्चाच्या नावाखाली टेबलाखालून पाकिटं मिळायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांची पाकिटं हलकी, आणि अल्थियासाठी ती देणारे हातही कमी. जाहिराती हा दुसरा रस्ता. त्यावर हौशीपणाच्या नियमांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे रंगाचं. तिची स्थिती तिने स्वतःच नंतर लिहून ठेवली आहे: टेनिसची राणी असणं ठीक, पण मुकुट काही खाता येत नाही, घरमालक, वाणी आणि करखातं रोख मागतात.

आपल्याकडेही त्या काळात हेच चालू होतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर, आणि कांस्यपदक घेऊन आल्यावर त्यांना पोलिसात फौजदाराची नोकरी लागायला १९५५ उजाडलं. पण शेवटी का होईना, नोकरी लागली. अल्थियाच्या देशात खेळाडूला अशी नोकरी देणारी व्यवस्थाच नव्हती. तिथला मार्ग एकच, व्यावसायिक व्हायचं. आणि एकदा व्यावसायिक झालं की विम्बल्डन, पॅरिस, फॉरेस्ट हिल्स, सगळी दारं कायमची बंद. परत फिरायची सोय नव्हती. अव्वल अमेरिकन खेळाडू पॉलीन बेट्झला तर १९४७ मध्ये व्यावसायिक होण्याची नुसती बोलणी केली म्हणून निलंबित केलं होतं.

पर्याय

१९५८ च्या उन्हाळ्यात तिच्यापुढे काय काय होतं, ते वर्गात फळ्यावर मांडताना मुलं पटकन 'शिक्षिकेची नोकरी आणि सुट्टीत टेनिस' हा पर्याय खोडून टाकतात. एवढा कमी लेखण्यासारखा तो नव्हता. पदवी होती, अनुभव होता. पण नोकरी सांभाळून वर्षाचे सहा महिने परदेशी फिरता येत नव्हतं, आणि शिक्षकाच्या पगारात आईवडिलांचं घर चालवणं अवघड होतं.

गाणं आणि सिनेमा हा दुसरा पर्याय. तिचा आवाज चांगला होता, गायिका व्हायची हौस जुनी. हा पर्याय तिने मनापासून धरला होता, आणि तिथेच मला पहिली शंका येते.

तिसरा पर्याय व्यावसायिक टेनिस. या रस्त्यावर आधी गेलेल्यांची उदाहरणं तिच्यासमोर होती. १९२६ मध्ये फ्रान्सच्या सुझान लांग्लाँने ५० हजार डॉलर घेऊन अमेरिकेचा दौरा केला. १९५०–५१ मध्ये बॉबी रिग्जने पॉलीन बेट्झ आणि गसी मोरन यांना गावोगाव फिरवलं. मोरन दिसायला देखणी, तिच्या लेसच्या चड्डीवरून विम्बल्डनमध्ये गहजब झालेला. तिकिटं तिच्या नावावर खपायची आणि सामने बेट्झ जिंकायची. रोज एकच बाई एकाच बाईला हरवते म्हटल्यावर दुसऱ्या रात्री कोण येणार?

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये यावर तोडगा निघाला होता. विम्बल्डन जिंकलेला नवा गडी दरवर्षी पैसे देऊन उचलायचा आणि जुन्या बादशहासमोर उभा करायचा. बायकांसाठी असं चक्र कोणी फिरवलंच नव्हतं. म्हणजे अल्थियाला ज्या धंद्यात उतरायचं होतं, तो धंदा अस्तित्वातच नव्हता.

चौथा रस्ता तेव्हा तिला दिसलाही नसेल. गोल्फ. महिलांची व्यावसायिक गोल्फ संघटना १९५० पासून चालू होती, ठिकठिकाणी रोख बक्षिसांच्या स्पर्धा होत. बायकांच्या व्यावसायिक खेळाची अशी मालिका त्या देशात क्वचितच होती.

निर्णय आणि कृती

१९५८ च्या सप्टेंबरात फॉरेस्ट हिल्सला पुन्हा डार्लीन हार्डलाच हरवून तिने हौशी टेनिसचा निरोप घेतला. पण ती थेट व्यावसायिक कोर्टवर गेली नाही. गाण्यांची एक तबकडी काढली, टीव्हीवर गायली, हॉलिवूडच्या एका युद्धपटात गुलाम दासीची भूमिका केली. त्या भूमिकेसाठी लिहिलेली मोडकीतोडकी 'गुलामांची बोली' बोलायला तिने साफ नकार दिला, आणि दिग्दर्शकाला संवाद बदलावे लागले. पैसे फारसे आले नाहीत, तबकडी खपली नाही.

यात वर्ष गेलं. ते वर्ष फार महाग पडलं, असं मला वाटतं. तिच्याकडे विकण्यासारखी वस्तू एकच होती, 'सध्याची विम्बल्डन विजेती' ही ओळख. १९५८ च्या सप्टेंबरात तिचा भाव सगळ्यांत वर होता. १९५९ च्या जुलैत ब्राझीलची मारिया ब्वेनो विम्बल्डन जिंकली आणि अल्थिया 'माजी' झाली.

त्यानंतर हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचा करार आला. कसरती आणि विनोदांनी बास्केटबॉल गाजवणारा हा संघ गावोगाव तिकिटं विकायचा. त्यांच्या खेळाच्या जोडीला अल्थिया आणि कॅरल फॅगेरोस यांचा टेनिसचा सामना, मोबदला सुमारे १ लाख डॉलर. फॅगेरोस आशियाच्या दौऱ्यातली तिची सोबतीण. सोनेरी चड्डीमुळे विम्बल्डनने तिलाही डोळे वटारून दाखवले होते. हॉलमध्ये बास्केटबॉलच्या लाकडी फरशीवर कोर्ट मांडायचं, दोघींनी खेळायचं, कोर्ट गुंडाळायचं आणि रात्रीतून पुढचं गाव गाठायचं. विम्बल्डनच्या हिरवळीवर जिच्यासाठी राणी खाली उतरली, ती आता मुख्य खेळाआधीच्या करमणुकीची पाटी झाली. याचं अल्थियाला दुःख होतं की नाही, यावर वर्गात वाद होतो. मला तो वाद फुकटचा वाटतो. पहिल्यांदाच तिच्या हाती खरे पैसे पडत होते.

११८ पैकी ११४ सामने तिने जिंकले. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. मी मुलांना तो तिकीट विकणाऱ्याच्या नजरेने बघायला सांगतो. असा आकडा धंदा बुडवतो. मोरन–बेट्झ दौऱ्यात दिसलेला रोग हाच होता, आता नव्या पोशाखात. १९६० मध्ये क्लीव्हलंडला तिने व्यावसायिक विश्वविजेतेपद जिंकलं, तेव्हा समोर कोण होतं? चाळिशीतली पॉलीन बेट्झ.

यापुढचा निर्णय या प्रकरणाचा गाभा आहे. ग्लोबट्रॉटर्सबरोबर हजारो लोक बघायला येत होते. अल्थिया आणि तिच्या माणसांनी हिशेब केला: गर्दी आहे, मग मधला माणूस कशाला? आपला दौरा आपणच काढू. पदरमोड करून तिने स्वतःचा दौरा उभा केला. हॉलचं भाडं, प्रवास, जाहिरात, सगळं तिच्या खिशातून. गर्दी आलीच नाही. ती गर्दी बास्केटबॉलला येत होती, टेनिस त्यांना त्याआधी दिसत होतं. वर्षभरात कमावलेलं तिने त्यात घालवलं.

मग एका पाव बनवणाऱ्या कंपनीत जनसंपर्काचं काम धरलं. ते तिने बरं चालवलं, आणि हातात गोल्फची काठी घेतली.

परिणाम

१९६४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ती महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेतली पहिली कृष्णवर्णीय खेळाडू झाली. अनेक क्लबांनी तिला क्लब हाउसमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. मग ती गाडीतच कपडे बदलायची, बूट चढवायची आणि तशीच पहिला फटका मारायच्या जागेवर जायची. स्पर्धा संचालक लेनी विर्ट्झ यांनी अशा क्लबांकडून स्पर्धा काढून घ्यायला सुरुवात केली; संघटनेतून तिच्या बाजूने उभं राहिलेलं हे एक ठळक नाव. १७१ स्पर्धा ती खेळली, एकही जिंकली नाही, आणि गोल्फमधली तिची सगळी मिळकत २५ हजार डॉलरच्या आतच राहिली.

१९६८ मध्ये टेनिस सर्वांसाठी खुलं झालं. विम्बल्डनने पहिल्यांदा पैसे दिले: पुरुष विजेत्याला २००० पौंड, महिला विजेतीला ७५०. अल्थिया तेव्हा एक्केचाळिशीला आली होती. तिने परत येऊन बघितलं, पण पाय साथ देईनात.

१९७० च्या दशकात ती न्यू जर्सी राज्याची क्रीडा आयुक्त झाली. अधिकार नाहीत, नुसती खुर्ची आहे, हे लक्षात आल्यावर वर्षभरात राजीनामा दिला. नंतर तिला मेंदूतल्या रक्तस्रावाचे आणि पक्षाघाताचे झटके आले. निवृत्तिवेतन नाही, औषधांना पैसे नाहीत. १९९५ च्या सुमारास तिने इंग्लंडला अँजेला बक्स्टनला फोन करून सांगितलं की आता जगणं नको झालंय. बक्स्टनने तिच्या नकळत एका टेनिस मासिकात तिची परिस्थिती कळवणारं पत्र छापून आणलं. जगभरातून पाकिटं आली, जवळजवळ १० लाख डॉलर जमले. २८ सप्टेंबर २००३ ला ईस्ट ऑरेंजमध्ये ती गेली. फ्लशिंग मेडोजवर तिचा पुतळा बसला तो २०१९ मध्ये.

वेगळं काय करता आलं असतं

तिने टेनिस सोडलं ही चूक नव्हती. हौशी राहून १९५९ चं विम्बल्डन जिंकली असती, तरी वाण्याचं बिल तसंच राहिलं असतं. चुका त्यानंतरच्या आहेत.

सिनेमा आणि गाण्याचं वर्ष मी पुढे ढकललं असतं. ते दोन वर्षांनीही करता आलं असतं. 'सध्याची विजेती' मात्र दोन वर्षांनी राहत नाही. १९५८ च्या हिवाळ्यातच व्यावसायिक करार झाला असता, तर हातात वाटाघाटीचं बळ जास्त होतं.

स्वतःच्या दौऱ्याबद्दल मात्र मी ठाम आहे. ग्लोबट्रॉटर्सशिवाय तीनचार गावांत एकेक सामना खेळून आधी पाणी किती खोल आहे ते बघायला हवं होतं. भाडं आपण न भरता, हॉलवाल्याकडून ठरावीक रक्कम आधी घ्यायची. तो देत नसेल तर तेच उत्तर. एका विद्यार्थिनीने एकदा विचारलं होतं, तिच्यावर दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगायची वेळ इतक्यांदा आली होती, मग स्वतःचं काहीतरी उभं करावंसं वाटणार नाही का? वाटणारच. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. हिशेबाची वही एवढंच म्हणते की बाजूला काढलेले पैसे आणि डावावर लावलेले पैसे एकाच डब्यात होते.

तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न तिला एकटीला सोडवता येण्यासारखा नव्हता. हार्डला, ब्रोला बोलवायचं तर त्यांनीही विम्बल्डनवर पाणी सोडायला हवं होतं, आणि ते कशाच्या भरवशावर? त्यासाठी अनेक जणींनी एकदम उडी मारायला हवी होती. ती उडी १९७० च्या सप्टेंबरात ह्यूस्टनला पडली. बिली जीन किंगसह नऊ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून बायकांची स्वतंत्र टेनिस मालिका सुरू केली. त्याच वर्षी अल्थिया गिब्सन एका गोल्फ स्पर्धेत तिघींची बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक फेरीपर्यंत (प्लेऑफ) पोहोचली आणि हरली. गोल्फमधली तिची ती सर्वोत्तम कामगिरी.